कुरमुऱ्यांची तुला

जत्रेहून परत आलेल्या माणसाला लोक विचारतात, यंदा नवीन काय होतं? मला या प्रश्नाचा भारी राग येतो. जत्रेत नवीन काय असायचं? पाळणा तोच, गुळाचं खाजं तेच, घोंगडीवाले तेच आणि धूळ तर पांडवांच्या वेळची. बदलतात ती माणसं, आणि ती कशी बदलली हे विचारायला कोणी येत नाही.

आम्ही खारेपाटातले. समुद्राचं पाणी बांध घालून थोपवायचं आणि आतल्या जमिनीत भात काढायचं, एवढाच आमचा धंदा. भाताची झोडणी उरकली की मार्गशीर्षात चौलची दत्ताची जत्रा. एरवी वर्षभर लग्नाला नाहीतर मयताला काय ते बाहेर पडायचं, आणि त्याला कोणी सहल म्हणत नाही. वर्षाची सगळी हौसमौज त्या एका जत्रेत व्हायची. पहाटे गाडी जुंपायची, पोयनाड, अलिबाग, नागाव करत बैल जातील तसं जायचं, एका ठरलेल्या वाडीत भाकऱ्या सोडायच्या, एका ठरलेल्या दुकानातून खाजं घ्यायचं. बाबांना बदल म्हणून ठाऊक नव्हता.

आमच्या घराला तर जत्रा चुकवायची सोयच नव्हती. माझ्या दादाच्या आधी आईची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. तिसऱ्या खेपेला तिनं दत्ताला नवस बोलला, की पोर जगलं तर त्याला मिसरूड फुटेपर्यंत दर साल जत्रेत आणून तोलीन. दादा जगला. पुढे सहा वर्षांनी मी झाले. माझ्यासाठी कोणी काही बोललं नव्हतं, मी आपली फुकटातच जगले.

टेकडीच्या पायथ्याशी चिंचेच्या फांदीला एका नारळवाल्याचा मोठा तराजू टांगलेला असे. साखळ्यांना दोन लाकडी फळ्या. एकीवर दादा मांडी घालून बसायचा, दुसरीवर नारळ चढायचे. बघे मोठ्यानं मोजायचे आणि फळ्या समान झाल्या की ते नारळ वर देवळात जायचे. बाबा तो आकडा पक्का लक्षात ठेवायचे. गेल्या सालापेक्षा पोरगा किती जास्त भरला, हे परतीच्या वाटेवर भेटेल त्याला गाडी थांबवून सांगायचे. देव दर वर्षी पोराचं वजन करून देतो, मग आम्हाला डॉक्टर कशाला, असं ते म्हणत. गावाला ते पटायचं. गावाला अशी वाक्यं नेहमीच पटतात.

मी सांगते आहे त्या वर्षी मी सात वर्षांची होते आणि दादा तेराचा. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. त्याच्या आदल्या वर्षी आमचा धाकटा चुलता क्षयानं गेला होता. रोगाचं नाव घरात कोणी घेत नसे, ‘तो आजार’ म्हणायचे. त्याला शेताच्या टोकाला, बांधाजवळ गवताची एक खोप घालून दिली होती. भांडी वेगळी, घोंगडी वेगळी. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यासाठी भांडणारंही कोणी नव्हतं. दुपारचं ताट दादा नेऊन ठेवी. दारात ठेवायचं आणि मागं फिरायचं, अशी सक्त ताकीद होती. पण चुलत्यानं दादाला पोहायला शिकवलं होतं, मासे धरायला शिकवलं होतं. दादा खोपीत जाऊन बसायचा आणि त्याचं जेवण होईपर्यंत गप्पा मारायचा. एके सकाळी तो ताट घेऊन गेला तेव्हा चुलता गार पडला होता. नंतर मोठ्या माणसांनी खोप जाळून टाकली, आणि त्याच्याविषयी बोलणं बंद झालं.

दसरा झाला आणि दादानं सांगायला सुरुवात केली, की मी यंदा जत्रेला येणार नाही. आईला वाटलं, लहर आहे. दिवाळी आली तरी तेच. बाबांनी आवाज चढवला, नवस काय तुझ्या मर्जीवर आहे काय म्हणून विचारलं. दादानं कारणं सांगितली. दर साल तेच ते. पाळणा बारक्या पोरांचा. शिवाय पोयनाडच्या शाळेतली मुलं त्याला तराजूत बसलेला बघतात आणि वर्षभर नारळ म्हणून चिडवतात. हे सगळं खरं होतं. मी स्वतः त्या मुलांना ओरडताना ऐकलं होतं. सपशेल खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं, पण जो खरंच सांगतो आणि त्यातलं एकच सांगत नाही, त्याला कसं पकडणार?

दिवाळीला माझा मामा आला. तो मुंबईला गिरणीत होता, त्यामुळे जगातलं सगळं त्याला कळतं असा आमचा समज होता आणि त्याचाही होता. त्यानं प्रकरण ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की चूक पोराची नाही, तुमची आहे. पोर मोठं झालं, तुम्ही अजून त्याला कडेवरच्या बाळासारखं जत्रेला नेता. त्याच जत्रेला न्या, पण मोठ्या माणसासारखं न्या. बैलगाडी नको, मोटारीनं जा. आधी रेवदंड्याला उतरा, किल्ला दाखवा, समुद्र दाखवा. पाळण्यात बसवू नका, मोटारसायकलवाला लाकडी विहिरीच्या भिंतीवरून फिरतो ते दाखवा. तंबूतला सिनेमा दाखवा. वाडीत ओळखीच्या घरी एक रात्र राहा. आणि पोराला एकदा विचारा तरी, त्याला काय पाहिजे.

आईला हे इतकं पटलं की ती त्या रात्री दादाशेजारी बसून त्याला एकेक गोष्ट सांगत होती, जशी काही तीच जत्रेला पहिल्यांदा जाणार होती. बाबा कुरकुरले, पण मेहुण्यापुढे त्यांचं चालत नसे. मामानं मुंबईहून दादासाठी फुल पँट आणली होती. आमच्या गावात त्या वयाच्या कोणाकडे फुल पँट नव्हती. दादानं ती चढवली तर कमरेतून खाली घसरली. मामा म्हणाला, वाढत्या अंगाची आणली आहे, पुढच्या साली बरोबर बसेल. आईनं कमरेला सुतळी ओवून दिली. बाबा कौतुकानं म्हणाले, खाल्लेलं सगळं उंचीत जातंय याचं. उंची वाढली होती हे खरंच होतं. तेराव्या वर्षी कोणाची वाढत नाही?

शेवटी बाबांनीही आपल्या परीनं एक सूट दिली. तोलायचं तर आहेच, पण कशानं तोलायचं ते यंदा पोरानं सांगावं. गूळ सांग, साखर सांग, केळी सांग. दादानं पँटीची सुतळी ओढून घट्ट केली. मग म्हणाला, कुरमुरे.

सगळे पोट धरून हसले. मामाला तर ही कल्पना फारच आवडली. तेवढ्या वजनाला कुरमुऱ्यांचा डोंगर होईल आणि जत्रेतली पोरं मुठी भरभरून खातील. चिडवणारी पोरंसुद्धा याच्याकडेच हात पसरतील. दादाही हसला. मीही हसले. तो हुशार होता, हे मला फार उशिरा कळलं. नारळांचा आकडा गावाला पाठ होता. कुरमुऱ्यांचा अंदाज कोणालाच नव्हता.

पण बाबाही शेतकरी होते, मापात चुकणारे नव्हते. त्यांनी पोयनाडच्या भट्टीवाल्याला घरचं भात दिलं आणि गेल्या सालच्या नारळांच्या वजनाइतके कुरमुरे पोत्यांत भरून घेतले. वर एक पोतं वाढीचं. पोती मोटारीच्या टपावर चढली तेव्हा दादा त्यांच्याकडे बघत उभा होता. मी त्याला म्हटलं, दादा, किती मोठाली पोती. तो मोटारीत जाऊन बसला.

रेवदंड्याला आम्ही किल्ल्याच्या तटावर चढलो. आमच्या गावाला समुद्र म्हणजे बांधापलीकडचा चिखल आणि भरतीची भीती. तिथं तो मोकळा, निळा, कोणाच्या शेतात न घुसणारा होता. दादा वर येऊन दगडावर बसला तो बराच वेळ उठला नाही. मामा म्हणाला, बघा, पोराला नवी जागा दाखवली की कसा रमतो. तो दम खात होता.

दुपारी आम्ही चौलला टेकडीपाशी आलो. बाबा वर देवळात रांग धरायला गेले, कारण तुला झाली की लगेच पूजा व्हायला पाहिजे. खाली आई, मामा, दादा आणि मी. नारळवाल्यानं दादाला ओळखलं, काय रे, वाढलास की, म्हणाला. दादा फुल पँट सावरत फळीवर बसला. समोर पोती चढू लागली. कुरमुऱ्यांची तुला कोणी पाहिलेली नव्हती, त्यामुळे गर्दी झाली आणि मामानं सगळ्यांना ही कल्पना भाच्याची असल्याचं सांगितलं.

अजून पोती खाली उरली होती आणि दादाची फळी वर उचलली गेली. ती नुसती समान झाली नाही, चांगली वर गेली, आणि दादा साखळी धरून हवेत बसून राहिला. मागच्या साली याच्याहून जास्त लागलं होतं, हे तिथं आईला माहीत होतं, मामाला माहीत होतं आणि नारळवाल्यालाही अंदाज असणार. मग लोकांनी आपापली कारणं काढली. नारळवाला म्हणाला, कुरमुरे सर्दलेत, खाडीच्या हवेनं जड झालेत. एक बाई म्हणाली, पोर उंचीत गेलंय. मामा म्हणाला, मोटारीच्या प्रवासानं आज पोट रिकामं आहे. तराजूत बसलेला मुलगा हडकला आहे, एवढी साधी गोष्ट कोणाच्या तोंडून निघाली नाही. नवसाचं पोर देव वाढवतो, ते घटेल कसं? घटलं तर देवानं दिलेलं परत घ्यायला काढलं, असा त्याचा अर्थ झाला असता. तो अर्थ उच्चारायची कोणाची छाती नव्हती.

आईपुढे वेगळाच पेच होता. देवाच्या नावानं काढलेलं धान्य परत घरी न्यायचं नसतं, आणि दादाच्या वजनाशिवाय ते देवाला द्यायचं कसं? ती उरलेल्या पोत्यांकडे बघत राहिली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हा दादानं वरूनच मला हाक मारली.

“ये गं, माझ्या मांडीवर बस.”

मामानं मला उचलून वर ठेवलं. फळी धाडकन खाली आली आणि सगळी गर्दी हसली. भाऊ-बहीण दोघं तोलली जातायत, काय गोड दिसतंय, असं बायका म्हणू लागल्या. उरलेली पोती चढली, तरी आमची फळी खालीच, म्हणून वर नारळ घातले. आईसुद्धा हसली. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी तोलत होतं, मी राणीसारखी बसले होते. दादाची हाडं मात्र मला टोचत होती आणि त्याचं अंग भाजत होतं. त्यानं हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली आणि कानात म्हणाला, “खाली उतरू नको. बाबांना सांगू नको. मला खोपीत ठेवतील.”

तेवढ्यानं मला सगळं कळलं नाही, पण खोप कळली. ती काय असते हे आमच्या घरातल्या मांजरालाही कळत होतं.

बाबा वरून उतरून आले तेव्हा आम्ही दोघं खाली उतरलो होतो. त्यांना दिसली ती रिकामी जमीन, फळीवरची सगळी पोती आणि वर नारळ. मी मांडीवर बसले होते हे त्यांना कोणी सांगितलं नाही, त्यांनी दादाची पाठ थोपटली. पुढे जे घडलं त्याला मी जत्रा म्हणणार नाही, तो उत्सव होता. विहिरीच्या लाकडी भिंतीवरून मोटारसायकल फिरली तेव्हा सगळी विहीर हलत होती आणि धुरानं सगळेच खोकत होते, त्यात दादाचा खोकला कोणाला वेगळा ऐकू आला नाही. तंबूत पडद्यावर बाई नाचली तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली. दादानं चिडवणाऱ्या पोरांना ओंजळी भरून कुरमुरे दिले. तो खरंच आनंदात होता, हे मी शपथेवर सांगेन. इतकी चांगली जत्रा आमच्या घराची कधी झाली नव्हती, असं बाबा स्वतः म्हणाले.

पौषात एका सकाळी आईला आणि मला गोठ्यातल्या पेंढ्यावर रक्त दिसलं. दादा रात्री खोकला आला की तिथं जाऊन झोपत होता. आईनं तो पेंढा उचलून चुलीत घातला आणि बाबांना एवढंच सांगितलं, की पोराला ताप आहे, डॉक्टरला दाखवू. आम्ही सगळे पोयनाडच्या बाजारात एका डॉक्टरकडे गेलो. मला घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून मीही होते.

डॉक्टर घाईत होता, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं छातीला नळी लावली, जीभ पाहिली, ताप किती दिवस आहे ते विचारलं. मग बाबांना म्हणाला, “वर्षभरात वजन उतरलंय का याचं?”

बाबा ताठ झाले. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याइतकं पक्कं कोणाकडेच नव्हतं.

“न्हाय, साहेब. आमी दर साल तोलतो त्याला. औंदा जास्तच भरला.”

ते खोटं बोलत नव्हते. मी बाबांवर पुष्कळ गोष्टींसाठी रागावले आहे, यासाठी नाही. डॉक्टरनं दादाकडे एकदा पाहिलं. दादा खाली बघत होता. मला तो पेंढा आठवला आणि भीती वाटली. मी म्हटलं, “मी बसले होते त्याच्या मांडीवर.”

मोठी माणसं बोलत असताना पोरांनी मध्ये बोलू नये, असं बाबा म्हणाले. डॉक्टर माझ्याकडे वळला होता, त्यानं विचारलं, काय म्हणालीस? मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. तोवर आईनं मला मागून ओढून पदराखाली घेतलं होतं आणि तिचा तळवा माझ्या तोंडावर घट्ट बसला होता. ती डॉक्टरला म्हणाली, काय न्हाय साहेब, पोर कायपन बोलते. खारेपाटात हिवताप घरोघर असायचा. डॉक्टरनं त्याच्या गोळ्या दिल्या आणि ताकदीसाठी लाल औषधाची बाटली दिली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लांबवण्यासारखं नाही. गोळ्या संपल्या, बाटली संपली. माघ संपता संपता दादाला उठवेना, तेव्हा मामानं येऊन त्याला अलिबागला नेलं. तिथं त्यांनी छातीचं चित्र काढलं आणि दोन्ही फुप्फुसं गेल्याचं सांगितलं. मुंबईत तोवर त्या आजारावर सुया मिळू लागल्या होत्या, पण त्या वेळेवर सुरू करायच्या असतात. तीन महिने आधी का आला नाहीत, असं तिथल्या डॉक्टरनं मामाला विचारलं. मामा मुंबईला परत गेला तो बरेच दिवस आमच्याकडे आला नाही.

दादाला घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी बाबांनी खोपीसाठी मेढी आणून अंगणात टाकल्या. ते रडत होते आणि मेढी टाकत होते. दुसरं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं, घरात मी होते आणि तो आजार मला लागू द्यायचा नव्हता. दादा ओटीवर पडून त्या लाकडांकडे बघायचा. आई त्याच्या आणि अंगणाच्या मध्ये बसून राही. बाबा खणायला पहार घेऊन गेले की ती म्हणे, आज नको, उद्या. शिमगा झाल्यावर चार दिवसांनी दादा गेला. मेढी रोवल्या गेल्या नाहीत.

आईशी मी यावर बोलले ते माझं लग्न ठरलं तेव्हा, पंधराएक वर्षांनी. आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. इतकी वर्षं मी तिच्याशी नीट बोलत असे, काम करत असे, पण त्या तळव्याचा राग माझ्या मनातून गेला नव्हता. सासरी जायच्या आधी विचारावं असं वाटलं. मी विचारलं, त्या दिवशी माझं तोंड का दाबलंस?

तिला कोणता दिवस ते विचारावं लागलं नाही. हात न थांबवता ती म्हणाली, “तू सांगितलं असतंस तर त्याला त्याच सांजेला खोपीत टाकला असता. त्याच्या चुलत्यासारखा. माझा पोर खोपीत न्हाय मेला. घरात मेला, माझ्या मांडीवर.”

मी म्हटलं, पण सांगितलं असतं तर तो जगला असता.

आता तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती चिडली नव्हती, तिला खरंच समजावून सांगायचं होतं.

“त्या आजारातून मानूस जगतो, ह्ये आमाला कुठं ठाव होतं गं?”

ते खरं होतं. आमच्या गावात तोवर त्या आजारातून उठलेलं माणूस कोणी पाहिलेलंच नव्हतं. तिच्यापुढे जगणं आणि मरणं असे दोन रस्ते नव्हतेच, घरात मरणं आणि खोपीत मरणं एवढंच होतं, आणि त्यातलं बरं ते तिनं त्याला मिळवून दिलं. मी तांदूळ पुन्हा हाताशी घेतले. तिच्यावरचा राग सोडून द्यावा असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. मी प्रयत्नही केला. तो सुटला नाही. ती गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली, आणि तो अजून सुटलेला नाही.